पाटी, मोहोर आणि दाखला

विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. सुटीच्या काळात इमारतींना रंग दिला जातो, फुटलेली कौले व पत्रे बदलले जातात, नव्या वर्षाची नोंदवही बांधून तयार होते. अलीकडच्या वर्षांत या नित्याच्या कामांत एका नव्या कामाची भर पडली आहे. शाळेचे नावच बदलले जाते. जुनी पाटी उतरते, नवी चढते. नवे बोधचिन्ह तयार होते. त्या चिन्हाची माहितीपत्रके, प्रवेशअर्ज, दैनंदिनी, ओळखपत्रे व वह्यांची वेष्टने छापून येतात. अचलपूर आणि परतवाडा या जोडगावांत असो की अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत असो, पालकांच्या हाती पडणारा शाळेचा कागद वर्षागणिक अधिक गुळगुळीत व अधिक रंगीत होत चालला आहे. आमच्या बौद्ध कुटुंबांनी या गोष्टीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नावात काय आहे, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांनी हाक मारली गेली, त्या समाजाला नावाचे मोल कोणी शिकवावयास नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो माणसांनी आपले धार्मिक नाव बदलले. त्यानंतर घराघरांतून मुलांची नावे बदलली. सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद ही नावे पाळण्यात आली. वस्त्यांची नावेही बदलली. महारवाडा, मांगवाडा अशी जातिवाचक वस्तीनावे सरकारी कागदांतून काढून टाकून त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे द्यावीत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. वस्तीच्या नावानेच वस्तीतली शाळा ओळखली जाते. तेव्हा वस्तीचे नाव बदलले की शाळेच्या पाटीवरचा कलंकही पुसला जावा, ही अपेक्षा सर्वस्वी न्याय्य आहे. गावाने बहिष्कृत म्हणून दिलेले नाव मुलाने रोज सकाळी आपल्या शाळेच्या दारावर का वाचावे?

शिक्षणसंस्थेचे नाव कसे ठेवावे, याचा धडा आम्हांला पूज्य बाबासाहेबांनीच घालून दिलेला आहे. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. पुढच्या वर्षी, जून १९४६ मध्ये, मुंबईस या संस्थेचे पहिले महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला त्यांनी सिद्धार्थ हे नाव दिले. धर्मांतराला अजून दहा वर्षे अवकाश होता. दीक्षेआधी नाव आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, संस्थेचे दुसरे महाविद्यालय उघडले. ते आरंभी संस्थेच्याच नावाने ओळखले जाई. पुढे बाबासाहेबांनी त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराचे नाव नागसेनवन झाले. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारले, आणि आपल्या शंकेचे उत्तर पटले तेव्हा ते मोकळ्या मनाने मान्य केले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या, वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडण्याची सवय नसलेल्या मुलाला रोज दारावरच सांगितले गेले की येथे प्रश्न विचारायचे असतात, आणि राजानेसुद्धा विद्वानापुढे नम्र व्हायचे असते. नाव हाच त्या महाविद्यालयाचा पहिला पाठ होता.

याच्या आधीच्या पिढीने ठेवलेली नावे याच्या शेजारी ठेवून पाहावीत. नागपुरास जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली मुलींसाठी शाळा काढली, तिचे नाव चोखामेळा कन्या शाळा. पंढरपुरास गाडगेबाबांनी बांधलेली आणि १४ जुलै १९४९ रोजी बाबासाहेबांच्या स्वाधीन केलेली धर्मशाळा, तीही चोखामेळा धर्मशाळा. या नावांमागील प्रेमाला आम्ही कधीही उणे लेखणार नाही. त्या काळी दलित समाजाला आपले म्हणता येईल असे, आणि इतरांनाही नाकारता येणार नाही असे, तेच एक मोठे नाव होते. परंतु चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशी आहे, आणि मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आहे. पायरीवरून प्रश्नाकडे झालेला हा प्रवास एका समाजाच्या मनात घडला. शाळा-महाविद्यालयांच्या पाट्यांवर त्याची नोंद उमटली. आधी मन बदलले, मग पाटी बदलली. या क्रमाचे महत्त्व आमच्या वाचकांनी विसरू नये.

आणि पाटीवरच्या एका नावासाठी या समाजाने काय मोजले, तेही सर्वांना ठाऊक आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली, संसार उघड्यावर आले. १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांच्या झगड्यानंतर, विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला. त्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर आज जे नाव छापले जाते, त्यातील प्रत्येक अक्षरामागे कोणाचे तरी घर आहे. तेव्हा शाळेचे नाव, शाळेची मोहोर व शाळेचा छापील कागद या क्षुल्लक गोष्टी आहेत, असे निदान आमच्या घरांत तरी कोणी म्हणू नये.

परंतु नेमक्या याच कारणास्तव आम्हांला आज सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना नुसते बौद्ध हे नाव दिले नाही. नावाबरोबर त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. काय सोडायचे, काय धरायचे, हे एकेक करून वदवून घेतले. नाव घेणाऱ्याने नावाचे ओझेही उचलावे, अशी ती योजना होती. या कसोटीवर आजची शाळांची नामांतरे घासून पाहिली पाहिजेत. नव्या नावाबरोबर शाळा कोणती प्रतिज्ञा घेते? चिन्ह बदलल्यावर वर्गात काय बदलते? या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते नामांतर केवळ रंगाऱ्याचे व छापखान्याचे काम ठरते.

आपल्याच राज्यातील एक ठळक उदाहरण घेऊ. मुंबई महानगरपालिकेने २०२१ च्या आरंभी आपल्या हजाराहून अधिक शाळांना मुंबई पब्लिक स्कूल असे एकच नाव दिले आणि सर्व शाळांसाठी एक नवे बोधचिन्ह स्वीकारले. या निर्णयामागील भावना आम्ही समजू शकतो. म्युनिसिपालिटीची शाळा हे शब्द उच्चारताना पालक खाली पाहत. गरिबाची शाळा ती निकृष्ट शाळा, असा ग्रह समाजात रुजला होता, आणि त्या ग्रहाची झळ त्या शाळेत शिकणाऱ्या मुलालाच लागत होती. ती लाज पुसण्याचा प्रयत्न झाला असेल तर त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पालिकेने त्याच सुमारास केंद्रीय अभ्यासक्रमाच्या काही शाळाही सुरू केल्या आणि त्यांत प्रवेश मिळविण्यासाठी पालकांची गर्दी झाली. परंतु त्या गर्दीचे कारण पाटीत शोधणाऱ्याने थोडे थांबावे. पालक आले ते इंग्रजीच्या, चांगल्या शिक्षकाच्या व पुढच्या संधीच्या आशेने. मुंबईतील मराठी माध्यमाच्या पालिका शाळांची पटसंख्या अनेक वर्षांपासून घसरत आलेली आहे. तिला केवळ नाव पुरे पडणारे नाही. वर्गाला शिक्षक, मुलीला स्वच्छतागृह आणि तासाला शिकवणी लाभली तरच नव्या नावाला मोल येते. ही तिन्ही नसताना लावलेली पाटी पहिल्या पावसाळ्यानंतर जुन्याच पाटीसारखी दिसू लागते.

दुसरे उदाहरण केंद्र सरकारचे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम श्री या योजनेस मान्यता दिली. देशातील साडेचौदा हजारांवर शाळा निवडून त्यांना आदर्श शाळा म्हणून विकसित करावे, असा तिचा उद्देश आहे. महाराष्ट्रातही या योजनेखाली शेकडो शाळा निवडल्या गेल्या. निवडलेल्या शाळेच्या नावाआधी योजनेचे नाव लागते. पैसा येतो, प्रयोगशाळा व ग्रंथालये येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या नावाबरोबर राज्याला एका करारावर सही करावी लागते आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी मान्य करावी लागते. तामिळनाडूने तशी सही करण्यास नकार दिला, तेव्हा समग्र शिक्षा अभियानाचा आपला निधी केंद्राने अडविला, अशी त्या राज्याची तक्रार झाली. कोणाची बाजू खरी, हा आजच्या लेखाचा विषय नाही. आम्हांला दाखवावयाचे आहे ते इतकेच की पाटीमागे नेहमी एक करार असतो. तो कधी सरकारशी असतो, कधी देणगीदाराशी, कधी दूरच्या शहरातील एखाद्या शिक्षणसमूहाशी. पाटी रस्त्यावरून वाचता येते; करार मागितल्याशिवाय वाचावयास मिळत नाही. पालकांनी तो मागितला पाहिजे.

आता आमच्या कुटुंबांच्या अगदी जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे वळू. ती म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला.

या बाबतीत अचलपूरचा इतिहास मोठा बोलका आहे. जुन्या कागदांत या गावाचे नाव एलिचपूर असे आढळते. इमादशाहीची ही राजधानी. इंग्रजी अमलात हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर हे गाव मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. १९५० साली संविधान अमलात आले तेव्हा त्या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे धम्मदीक्षेनंतर अवघ्या अठरा दिवसांनी, वऱ्हाड व नागपूरचा मुलूख मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १९४९ साली पहिलीच्या वर्गात बसलेला मुलगा मॅट्रिक होईपर्यंत चार राज्यनावांखाली शिकला. शाळा तीच, गाव तेच. कागदाचा मथळा मात्र तीन वेळा बदलला. त्या चारही मथळ्यांखाली छापलेला जातीचा रकाना एकदाही बदलला नाही. बदलणारे मथळे आणि न बदलणारा रकाना, ही गोष्ट आमच्या प्रत्येक पालकाने मनात कोरून ठेवावी. सरकारे बदलतात, संस्थाचालक बदलतात, चिन्हे बदलतात. मुलाच्या नावासमोर त्या रकान्यात काय लिहिले गेले आहे, यावर पुढे त्याचे शिक्षण, त्याची नोकरी व कधी कधी त्याच्या मुलांचेही भवितव्य अवलंबून राहते.

हे का घडते, ते नीट समजून घ्यावे. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. त्या आदेशाने हिंदू धर्मीयांखेरीज इतरांना, शिखांतील काही जातींचा अपवाद सोडता, या वर्गातून वगळले. १९५६ साली शिखांचा पूर्ण समावेश झाला. बौद्धांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून आपल्या अखत्यारीत नवबौद्धांना सवलती दिल्या, त्याबद्दल या राज्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु केंद्राच्या नोकऱ्यांत व शिष्यवृत्त्यांत धर्मांतरित माणसाला चौतीस वर्षे दाराबाहेर उभे राहावे लागले. धर्म बदलल्याने अस्पृश्यता सुटली नव्हती. सवलत तेवढी सुटली होती. आज कायदा बदललेला आहे. तरीही जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी यांसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि त्या पुराव्यांत आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंद ही सर्वांत भक्कम मानली जाते. एखाद्या जुन्या शाळेच्या फडताळात वाळवी लागलेल्या नोंदवहीचे एक पान आज एका मुलीच्या वैद्यकीय प्रवेशाचा निर्णय करू शकते.

म्हणून शाळेचे नाव बदलते तेव्हा आमच्या कुटुंबांनी पुढील गोष्टींविषयी जागरूक राहिले पाहिजे.

नाव बदलल्यावर शाळेची जुनी दाखल-खारीज नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे, हे मुख्याध्यापकांना विचारावे. नोंदवही बदलत नसते. नव्या नावाच्या शाळेने जुन्या शाळेच्या नोंदी सांभाळणे हे तिचे कर्तव्य आहे. नव्या दाखल्यावर पूर्वीचे नाव व नामांतरास मिळालेल्या मान्यतेचा आदेश क्रमांक यांचा उल्लेख असावा, म्हणजे थोरल्या भावाचा जुन्या नावाचा दाखला आणि धाकट्याचा नव्या नावाचा दाखला एकाच शाळेचे आहेत हे अधिकाऱ्यास पटवून देण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. शासनाने शाळेला दिलेला यूडायस क्रमांकही दाखल्यावर पाहून घ्यावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाच्या नावासमोरील धर्म व जात या नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात. काही कुटुंबे तत्त्वनिष्ठेने दोन्ही रकान्यांत बौद्ध असेच लिहवितात, काही जातीचा रकाना रिकामा सोडतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. ज्या जातीला लाथाडून आपण बाहेर पडलो तिचे नाव मुलाच्या कपाळी पुन्हा का चिकटवावे, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण कायदा मूळ अनुसूचित जातीचा पुरावा मागतो, हीही वस्तुस्थिती आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध असे अभिमानाने लिहावे. जातीच्या रकान्यातील नोंद वडील-आजोबांच्या नोंदीशी अक्षरशः जुळेल अशी असावी. ती नोंद म्हणजे जातीची कबुली नव्हे. आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाचा तो सरकारदप्तरी नोंदलेला पुरावा आहे, आणि पुरावा टाकून देणारा फिर्यादी दावा हरतो. मुलगा शाळा सोडून गेल्यावर ही नोंद सहजासहजी दुरुस्त होत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जावे लागते. जे काही तपासायचे ते मूल शाळेत असतानाच तपासावे.

खर्चाचाही विचार केला पाहिजे. नवे चिन्ह आले की नवा गणवेश येतो, चिन्ह छापलेला पट्टा व टाय येतो, चिन्ह छापलेल्या वह्या येतात. थोरल्याचा सदरा धाकट्याला होत असे, तो आता होत नाही. ज्या गावात २०२० च्या टाळेबंदीत फिनले गिरणीची यंत्रे थांबली आणि शेकडो घरांची मिळकत थांबली, त्या गावात हा खर्च हलका नाही. विशिष्ट दुकानातूनच साहित्य घेण्याची सक्ती शाळांनी करू नये, असे शासनाचे आदेश आहेत. खाजगी शाळांच्या फीविषयी २०११ चा कायदा असून फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावा लागतो. सरकारी व अनुदानित शाळांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असले पाहिजे. या समितीच्या बैठकीला आमच्या किती माता जातात? किती जणींची सही घरपोच नेलेल्या कोऱ्या कागदावर घेतली जाते? नाव, चिन्ह व गणवेश बदलण्याचा प्रश्न या बैठकीत आला पाहिजे, आणि नव्या मोहोरेचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, हे तेथे स्पष्ट विचारले गेले पाहिजे.

येथे वऱ्हाडच्याच एका नामांतराची आठवण करून देणे उचित होईल. अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ साली झाली आणि २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. अचलपूरच्या महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्या मुलांच्या पदवीपत्रावर आज तेच नाव असते. गाडगेबाबांचा जन्म येथून जवळच, शेंडगावी, १८७६ साली झाला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, ते गेले. स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने आयुष्यभर मुलांना शाळेत घालण्याचा उपदेश केला, धर्मशाळा, वसतिगृहे व शाळा उभ्या केल्या, आणि लोकांच्या देणगीतला पैसा न् पैसा लोकांच्याच कामी लावला. हातातील खराटा आणि डोक्यावरील गाडगे, एवढेच त्यांचे बोधचिन्ह होते. ते कोणी कागदावर रेखाटून घेतले नव्हते. ज्या गावात जात, तेथे ते आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. काम आधी व चिन्ह मागाहून, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे नाव छापलेले पदवीपत्र देणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या वसतिगृहाचे स्वयंपाकघर, आपल्या ग्रंथालयाची फळी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार एकदा या क्रमाने पाहावे.

शेवटी आमच्याच संस्थांविषयी दोन शब्द. बौद्ध समाजाच्या मंडळांनी चालविलेल्या शाळांना व वसतिगृहांना धम्मचक्र, बोधिवृक्ष वा बाबासाहेबांची प्रतिमा चिन्ह म्हणून घ्यावीशी वाटते, हे स्वाभाविक आहे. तसे करण्यास कोणाची आडकाठी नाही. पण आमचे चिन्ह दाराबाहेर ठेवण्याचे चिन्ह होता कामा नये. मातंग, मुसलमान, कोरकू वा कुणबी घरातले मूल त्या दारातून आत येताना बिचकणार नाही, असे वर्तन त्या चिन्हाखाली झाले पाहिजे. अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या, अथवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात सहभागी व्हावयास लावता येत नाही, हे संविधानाच्या अठ्ठाविसाव्या कलमाचे बंधन आम्हांलाही आहे.

आणखी एक गोष्ट आहे. बौद्ध हा अल्पसंख्य समाज असल्याने आमच्या संस्थांना अल्पसंख्याक दर्जा मिळू शकतो, आणि काही मंडळांना या दर्जाचा मोह पडतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे अशा शाळा शिक्षणहक्क कायद्यातून वगळल्या गेल्या; म्हणजे दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे बंधन त्यांच्यावरून उठले. २०२५ साली न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावा असे म्हटले. न्यायालयात पुढे काय व्हायचे ते होवो. बाबासाहेबांचे चित्र दारावर लावून शेजारच्या झोपडीतल्या मुलाला आत घेण्याच्या बंधनातून सूट मागणारी संस्था आमच्या लेखी आपली ठरत नाही.

तेव्हा येत्या सत्रात शाळेची नवी पाटी पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही, तसेच तिचा तिरस्कार करण्याचेही कारण नाही. पाटी बदलली असेल तर मुख्याध्यापकांना सभ्य शब्दांत तीन गोष्टी विचाराव्या. या नावाबरोबर शाळेने मुलांना नवे काय द्यावयाचे ठरविले आहे, ते लेखी दाखवा. या बदलाचा खर्च कोण सोसणार, ते सांगा. आणि नोंदवहीतील माझ्या मुलाचे पान उघडून मला वाचू द्या. ज्या आईला वाचता येत नसेल तिने वाचता येणारे आपले मूल बरोबर न्यावे आणि त्याच्याकडून ते पान मोठ्याने वाचवून घ्यावे. त्या रकान्यांत काही चुकीचे आढळले तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची मोहोर उमटवून घेऊन ती घरी जपून ठेवावी.